क्यूआर कोड फाडायच्या आधी हे वाचा

"बंधूंनो, आजच यूपीआय बंद करा" हा मेसेज नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानदारांच्या ग्रुपवर आठवड्यात चारदा येऊन गेला. त्यात म्हटलंय की यूपीआयने 20 लाख आले की जीएसटी लागतो, 2000 च्या वरच्या पेमेंटवर वेगळा जीएसटी कापतात, कॅशचा हिशोब कोणी विचारत नाही, आणि 12 लाखापर्यंत टॅक्स नाही म्हणून रिटर्नची भानगडच नको. मी काही सीए नाही, होजिअरीचं दुकान आहे माझं, पण यातलं बरंच स्वतः निस्तरलंय म्हणून लिहून राहिलो.

20 लाखवालं अर्धवट आहे. आपल्या महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नंबर घ्यायची लिमिट 40 लाखाची, 2019 पासून. 20 लाख ही सर्व्हिसवाल्यांची, आणि तर्री-पोह्याचा ठेलाही त्यातच येतो बरं का, म्हणजे रोजचा गल्ला साडेपाच हजाराच्या आसपास गेला की वर्षाचे 20 लाख झालेच. पण लिमिट मोजतात ती वर्षाच्या एकूण विक्रीवर, पैसे फोनवर आले का गल्ल्यात पडले याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. खरी फसगत वेगळीच आहे आणि ती या मेसेजमध्ये नाहीच! छिंदवाडा, शिवनीच्या गिऱ्हाईकाला इथून माल पाठवला की ते दुसरं राज्य झालं, मग विक्री 5 लाखाची असली तरी नंबर आधी घ्यावा लागतो.

2000 वालं तर सरळ खोटं, सरकारने एप्रिल 2025 मध्येच खुलासा केला होता.

आता कॅश. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, बंगळुरूत "ओन्ली कॅश"चे बोर्ड लागले, ही भीती तिथूनच आली आणि ती काही अगदीच खोटी नाही. पण कॅशने विक्री लपत असेल तर ती चोरीच झाली ना भाऊ, त्याला सल्ला काऊन म्हणता? उलट छोट्या धंद्याला अंदाजे नफा धरून टॅक्स भरायची जी सोय आहे (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 44एडी), तिच्यात बँकेतून आलेल्या विक्रीवर कमीत कमी 6 टक्के नफा धरतात, कॅशवर 8. माझा घोळ नोटिशीचा नव्हताच, साळ्याने प्लॉटचे दीड लाख माझ्या दुकानाच्याच क्यूआरवर टाकले, मार्चमध्ये सीएने स्टेटमेंटवर पेन ठेवून विचारलं हे काय, आणि मला दहा मिनिटं आठवेचना. तेव्हापासून दुकानाचं खातं वेगळं, घरचं वेगळं, आणि उसने-पासने आले की त्याच दिवशी वहीत नोंद.

राहिले 12 लाख. ते नफ्याचे आहेत, गल्ल्याचे नाहीत, आणि तेही नवीन टॅक्स रेजीममध्ये, 2025-26 पासून. 4 लाखाच्या वर उत्पन्न गेलं की टॅक्स शून्य असो का काही असो, रिटर्न भरायचंच, ती सूट रिटर्नमध्येच मागायची असते. शिवाय धंद्याची विक्री 60 लाखाच्या वर असली तर नफा कितीही कमी असू द्या, रिटर्न लागतंच. मागच्या साली मागची खोली दुकानात घ्यायची म्हणून लोन मागायला गेलो, तर बँकेतल्या पोराने नफा विचारायच्या आधी तीन वर्षांचे रिटर्न मागितले.