टाकी वाहतेय, अ‍ॅप येतंय

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी आज पुन्हा वाहिली. जिन्यावरून धबधबा, लिफ्ट बंद, आणि खाली मीटिंगमध्ये चर्चा कसली? तर सेन्सर, वायफाय, अ‍ॅप आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन! कोटेशनच्या झेरॉक्स वाटूनसुद्धा झाल्या. आधीचा सेन्सर पावसाळ्यात नेटवर्क गेलं तेव्हाच मुका झाला होता, ते सोयीस्कर विसरले सगळे.

अहो, फ्लोट स्विच लावा ना! टाकीत वायरला लोंबणारा प्लास्टिकचा फुगा. पाणी चढलं की तो तरंगत कलंडतो, आतला स्विच सुटतो, पंप बंद. ना नेट, ना पासवर्ड. प्लंबरकाका हेच सांगत होते, तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, ते आता जुनं झालं."

जुनं? अहो, आपण राहतो ती जमीन सखल, खाडीकाठची. पावसाचं पाणी साठवायला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले, त्यांच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा. भरती आली की खाडीच्याच पाण्याच्या दाबाने त्या मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, बटण नाही. (त्या तलावांतला गाळ कुणी काढायचा, हे वेगळंच रडगाणं.)

पण हे मीटिंगमध्ये बोलायचं कुणी? स्वस्तातला उपाय सुचवला की लोक आपल्याकडे कंजूष म्हणून बघतात. तिकडे आपल्या नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी गटारात चाललंय, आणि इकडे जोशीकाकू विचारतायत, "अ‍ॅप मराठीत येईल ना?"