लाईन उतरली की गिझर जास्त वीज खातो? नाही, कमी खातो

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्या गावच्या ग्रुपवर विजेबद्दलचा एक मेसेज फिरतो. त्यात चार दावे आहेत. व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो आणि गिझरचं बिल फुगतं, म्हणून स्टॅबिलायझर बसवा. १०० वॅटचा बल्ब खरं तर १३०० वॅट ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेली वस्तू जास्त वीज घेते. आणि बारीक वायर वापरली तर वीज वाचते. मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला वायरिंगची कामं करतो. गेल्या आठवड्यात दोन घरांनी हा मेसेज दाखवून गिझरसाठी स्टॅबिलायझर आणायला सांगितला, तेव्हा वाटलं, आता लिहायलाच हवं.

पहिला दावा सगळ्यात जास्त पसरलाय. मेसेज म्हणतो, वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. वॅट ठरलेले, मग व्होल्ट घटले की अँपिअर वाढणारच. सूत्र बरोबर आहे. चूक आहे ती ‘वॅट ठरलेले’ या दोन शब्दांत. गिझरच्या कॉइलमध्ये ठरलेला असतो तो रेझिस्टन्स, शाळेच्या पुस्तकातला ‘रोध’. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे आधी लावायचा: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. गिझरवर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं असतं. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.५ ओहम. लाईन उतरली म्हणून कॉइलची तार काही बदलत नाही.

वाळपईजवळच्या एका घरात संध्याकाळी सातला मी हे मोजून दाखवलं. लाईन १८८ व्होल्टवर आली होती. फेजच्या वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, लावला, ७.१ अँपिअर. घरातल्या काकींना वाटत होतं की आकडा दहाच्या वर जाईल. १८८ गुणिले ७.१, म्हणजे सुमारे १३३५ वॅट. व्होल्टेज १८ टक्के पडलं आणि पॉवर ३३ टक्के पडली, कारण व्होल्टेजसोबत करंटही उतरतो. मग बिल? १५ लिटर पाणी २८ अंशांवरून ५६ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. पूर्ण व्होल्टेजला तो पंधरा मिनिटांत जातो, उतरलेल्या लाईनवर बावीस मिनिटांत. युनिट जवळपास तेवढाच. स्टॅबिलायझर मात्र स्वतः तापतो, म्हणजे थोडी वीज तोच खातो.

विहिरीच्या पंपाबाबत मात्र मेसेजचं म्हणणं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. मोटरला पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज उतरलं की ती जास्त करंट ओढते, आणि वाइंडिंगची, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेढ्यांची, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्याही वर. कमी लाईनवर तासन्‌तास पंप चालवणाऱ्यांच्या मोटरी रिवाइंडिंगला येतात त्या यामुळेच. म्हणून खर्च करायचाच असेल तर पंपाच्या संरक्षणावर करा.

बल्बचा दावा मल्टिमीटरवरून, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या मीटरवरून, आलाय. थंड बल्ब मोजला तर सुमारे ४० ओहम दिसतात. २३० चा वर्ग भागिले ४० केलं की १३०० वॅट येतात, आणि खोक्यावरचा आकडा खोटा वाटतो. पण पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रेझिस्टन्स ५२९ ओहमपर्यंत चढतो. २३० चा वर्ग भागिले ५२९, बरोबर १००. तो मोठा करंट खरोखर वाहतो, पण बटण दाबल्यावर क्षणभरच. जुने बल्ब नेमके लावतानाच उडतात ते म्हणून. गिझरची तार नायक्रोमची असते. तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथे थंड मोजणी चालते. मात्र रेझिस्टन्स मोजताना मेन बंद हवाच.

सॉकेटवरचा १६ चा आकडा म्हणजे ते किती सोसेल, एवढंच. मोबाईलचा चार्जर तिथे लावला तरी स्वतःला लागेल तेवढंच घेतो.

बारीक वायरीचा दावा मला झोप लागू देत नाही. चवथीला पाहुणे वाढले की मागच्या पडवीत २००० वॅटची शेगडी लावतात आणि वीस मीटरची पाऊण चौरस मिलिमीटर वायर ओढतात. जाणारी-येणारी मिळून चाळीस मीटर तांबं, रेझिस्टन्स सुमारे ०.९ ओहम. करंट ८.७ वरून ८.४ वर येतो, मीटर किंचित हळू फिरतो, आणि लोकांना वाटतं वीज वाचली. प्रत्यक्षात शेगडी मंदावते, भात उशिरा शिजतो आणि ८.४ चा वर्ग गुणिले ०.९, म्हणजे साठ-पासष्ट वॅट वायरीतच जळतात. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत जाते. पण उरलेलं भेंडोळं गुंडाळून माटोळीखालच्या (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीखालच्या) कापडामागे सारलं, तर ती तिथेच साठते आणि इन्सुलेशन मऊ पडतं. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तोवर पडत नाही, कारण त्याच्या हिशेबी ८.४ अँपिअर अगदी ठीक आहे. दुकानात दीड चौरस मिलिमीटरची वायर मागा, म्हणजे ही उष्णता जवळपास निम्म्यावर येईल, आणि शेगडी लावण्याआधी भेंडोळं पूर्ण उलगडा.