चॅरिटी अ‍ॅडम्स आणि पत्रांचे ढीग

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या टपाल बटालियनचं नेतृत्व करणाऱ्या चॅरिटी अ‍ॅडम्स यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. पण त्या १९४२ मध्ये अमेरिकेच्या महिला सैन्यदलात दाखल होण्याआधी साउथ कॅरोलायनात गणित आणि विज्ञान शिकवत होत्या, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. मला तर त्यांच्या पुढच्या कामात ती शिक्षिकाच दिसते.

१९४५ च्या फेब्रुवारीत त्या ६८८८ व्या टपाल बटालियनच्या प्रमुख म्हणून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोचल्या. हाताखाली बहुतेक कृष्णवर्णीय अशा साडेआठशे स्त्रिया. गोदामांत सैनिकांना आलेल्या पत्रांचे डोंगर, ऊब नाही, हवाई हल्ल्याच्या भीतीनं खिडक्या काळ्या केलेल्या. पार्सलांतले केक उंदरांनी फस्त केलेले. पाकिटावर नुसतं 'ज्युनियर, यूएस आर्मी'! रॉबर्ट स्मिथ नावाचे तर हजारो सैनिक. मग प्रत्येकाचं कार्ड, त्यावर सैनिक क्रमांक, आणि एकसारख्या नावांतून नेमका माणूस त्या क्रमांकावरून शोधायचा. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, दिवसरात्र. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत हातावेगळं केलं.

ज्यांचा माणूस लढाईत मारला गेला, त्यांची पत्रं परत पाठवायचं कामही याच बायकांकडे होतं. ते वाचताना गलबलून आलं.

आणि एवढं करून त्यांच्याच सैन्यात त्यांची राहण्याजेवणाची सोय गोऱ्यांपासून वेगळी! या बटालियनला अमेरिकी संसदेचं, म्हणजे तिथल्या काँग्रेसचं, सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला २०२२ मध्ये. अ‍ॅडम्स २००२ मध्येच गेल्या होत्या. इतका उशीर अक्षम्य आहे.