'रेघोट्यांनी पोट भरत नाही' या कॉमेंटला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या पोराच्या हातात ब्रश देण्यापेक्षा त्याला अक्षरं गिरवायला बसवा, रेघोट्यांनी पोट भरत नाही, आणि दहा बाय पंधराच्या खोलीत रंग सांडले की निस्तरायचं आईनेच. खोलीचं एकदम बरोबर आहे, त्याच्यावर शेवटी येते. पण अक्षरांचं नाही पटलं. भांडुपला बारा वर्षं बालवाडी घेतेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवतं, बोटांना त्यात कामच नसतं. तीनच्या आसपास गोल जमतो, म्हणजे निघालेली रेघ फिरवून परत सुरुवातीला आणून मिटवता येते. चौकोन साधारण चार-साडेचारला, त्रिकोण पाचच्या पुढेमागे, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड. आता आपला 'व' घ्या, 'ठ' घ्या, ज्याला गोल मिटवता येत नाही त्याला व कुठून येणार? जबरदस्तीने गिरवायला बसवलं की पेन्सिल इतकी दाबतात की मागच्या पानावर ठसे उठतात, बोटं दुखतात, मग वही बघितली तरी रडू येतं. तेच मूल मोठ्या कागदावर जाड ब्रशने रोज पंधरा मिनिटं गोल गोल करत बसलं की हात हळूहळू ताब्यात येतो. सॅन फ्रान्सिस्कोला बालवाडीचं काम करणाऱ्या रोडा केलॉग म्हणून एक बाई होत्या, त्यांनी लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि नुसत्या रेघोट्यांचेच २० मूळ प्रकार वेगळे काढले. तेव्हा दादा, रेघोट्या म्हणून सोडून देऊ नका हो.

आणि हे नुसतं हाताचं झालं. गेल्या महिन्यात एका मुलीने निळा ब्रश न धुता पिवळ्याच्या वाटीत बुडवला, ढवळला, आणि ओरडली, "बाई, पिवळा पळाला!" मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने दोन झाकणं मागितली, एकात पिवळा घेऊन थेंबभर निळा टाकला, हिरवा झाला, दुसऱ्यात निळ्यावर थेंबभर पिवळा टाकला तर काहीच होईना, मग ती पिवळा ओततच राहिली. कुठला किती घालायचा हे तिचं तिला कळलं, फळ्यावर लिहून मला ते शिकवता आलं नसतं.

अजून एक सांगते आणि थांबते. एकाने आईचं चित्र काढलं, डोक्यालाच पाय फुटलेले, या वयात असंच काढतात, पण एक हात पार कागदाच्या वरच्या कडेपर्यंत आणि दुसरा हात नाहीच. मी म्हटलं सांग ना मला, तर म्हणाला, "आई ट्रेनमध्ये आहे, वर धरलंय." दुसरा हात? "त्यात पर्स आहे, गर्दीत दिसत नाही." चार वर्षांचं पोर आईचं रोजचं जाणं-येणं मनात किती घेऊन बसलंय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते त्याने वाक्यात कधीच सांगितलं नव्हतं. म्हणून कृपा करून चित्र बघून "हे काय काढलंय?" असं विचारू नका, आणि हात सरळ करून तर मुळीच देऊ नका.

आता खोली. टेबल लागत नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मोरीच्या कट्ट्याशी नाहीतर चाळीच्या गॅलरीत खाली पेपर पसरून बसवा, पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा अशा तीनच बाटल्या, तेही झाकणात चमचाभर, अंगात बाबांचा जुना शर्ट उलटा घालून, शेजारी ओलं फडकं. आणि पुसायचं काम पोरालाच द्या, त्याला ते रंगवण्याइतकंच आवडतं. आईने एकटीने निस्तरायचं असंही काही नाही ना दादा, रविवारी तुम्ही बसा त्याच्यासोबत. डाग पडला तर वाळायच्या आत पाण्यात भिजवा, बराचसा निघतो.