दोन पुल्या बदलून लॉन मोअर ‘रेसर’ होत नाही

बसून चालवायच्या लॉन मोअरबद्दल एक कृती सध्या सगळीकडे फिरते आहे. तिचा गोषवारा असा: इंजिनाची आणि ट्रान्सअ‍ॅक्सलची (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीची) पुली एकमेकांच्या जागी बसवा, गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढून टाका, सीटखालचा स्विच वायरने जोडून कायमचा चालू ठेवा. तासाभराच्या कामात मोअर ताशी ६० किलोमीटर पळतो, इंजिनाला काही होत नाही आणि रविवारी त्याच मशीनने गवतही कापता येतं.

यातला पुलीचा भाग अर्धा खरा आहे. म्हणूनच बाकीचंही लोकांना पटतं आणि ते पान्हे घेऊन बसतात. एकेक मुद्दा तपासू.

“पुल्यांची अदलाबदल केली की ताशी ६०”

आधी हिशोब. नेहमीचं उदाहरण घेऊ: इंजिन ३,३०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) बांधलेलं, इंजिनाची पुली ४ इंच, ट्रान्सअ‍ॅक्सलची ७ इंच, मागचे टायर २० इंच उंचीचे, वरच्या गिअरला वेग ताशी साधारण ८.५ किमी. अदलाबदल केली की ४/७ चं गुणोत्तर ७/४ होतं, म्हणजे वेग ३.०६ पट. उत्तर येतं ताशी २६. गव्हर्नर काढून इंजिन ५,००० ला नेलं तर ४०. वर २३ इंची टायर चढवले तर ४५. साठ या हिशोबात कुठेच बसत नाही.

इंजिनाची ताकद मात्र कमी पडत नाही, हे मान्य करायला हवं. सपाट गवतावर माणसासकट पावणेतीनशे किलोचं मशीन ताशी २६ ने ढकलायला चाकाशी दोन-अडीच अश्वशक्ती पुरते. अडचण सगळी इंजिन आणि जमीन यांच्या मधल्या भागांत आहे.

पहिली अडचण पुली बसवतानाच येते. व्हर्टिकल शाफ्ट इंजिनाचा क्रँकशाफ्ट बहुधा १ इंचाचा असतो, त्यावर पाव इंची चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली पट्टी). ट्रान्सअ‍ॅक्सलचा इनपुट शाफ्ट त्याहून बारीक, आणि बऱ्याचदा स्प्लाइनचा (उभ्या खाचांचा) किंवा एका बाजूने सपाट केलेला. त्यामुळे या दोन पुल्या एकमेकींच्या जागी तशाच बसत नाहीत. बोअर आणि चावी जुळणाऱ्या नव्या पुल्या आणाव्या लागतात. शिवाय इंजिनाची पुली बहुतेक मॉडेलवर जोडपुली असते, एक खाच चाकांच्या पट्ट्याची आणि दुसरी डेकच्या (खालच्या, ब्लेड असलेल्या पेटीच्या) पट्ट्याची. सात इंची पुली तिथे फ्रेमच्या आडपट्टीला, डेक उचलायच्या दांड्यांना किंवा पट्टा जागेवर ठेवणाऱ्या खिळ्यांना घासते. खर्च करण्याआधी पुठ्ठ्याची सात इंची चकती कापून क्रँकशाफ्टखाली धरून पाहा. निम्म्या मशीनवर प्रश्न तिथेच निकालात निघतो.

पुढचा प्रश्न पट्ट्याचा. या मशीनवर वेगळा क्लच नसतो. पेडल दाबलं की आयडलर पुली (पट्टा ताणून धरणारी) मागे येते, पट्टा सैल पडतो, तोच क्लच. ट्रान्सअ‍ॅक्सलवर ४ इंची पुली आली की त्याच चढावर, तेवढ्याच जोराने सुटण्यासाठी पट्ट्याला पावणेदोन पट ओढ घ्यावी लागते, आणि पकडायला पुलीचा घेर मात्र कमी. पट्टा घसरतो, कडा काचेसारख्या चकचकीत होतात, जळक्या रबराचा वास येतो. आयडलरची स्प्रिंग कडक केली तर पेडल दाबूनही पट्टा पूर्ण सुटत नाही आणि मशीन थांबायच्या वेळी पुढे सरकत राहतं. हा दोष घसरण्यापेक्षा वाईट.

“ट्रान्सअ‍ॅक्सलला फरक पडत नाही”

याच हिशोबात आणखी एक आकडा दडला आहे आणि तो कुणी सांगत नाही. मूळ जोडणीत ट्रान्सअ‍ॅक्सलचा इनपुट शाफ्ट सुमारे १,८९० आरपीएमने फिरतो. अदलाबदलीनंतर ५,७७५ ने. गव्हर्नरही काढला आणि इंजिन ५,००० ला गेलं, तर ८,७५० ने. गिअरच्या मोअरवरचा घरगुती ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणजे दोन भागांची अ‍ॅल्युमिनियमची पेटी. आत बरेच शाफ्ट बॉल बेअरिंगवर नसून बुशवर फिरतात आणि वंगण म्हणून बहुधा तेलाऐवजी पातळसर ग्रीस असतं. कमी वेगाला ते दातांना चिकटून राहतं. वेग वाढला की दातांवरून उडून पेटीच्या भिंतीला जाऊन बसतं आणि बुश कोरडं चालतं. इनपुटजवळची पेटी हात लावता येणार नाही इतकी तापली, किंवा वरच्या सीलमधून ग्रीस बाहेर यायला लागलं, की बुश गेलं समजा. त्यानंतर शाफ्ट डुलतो आणि बेव्हल गिअरचे दात एकमेकांना टोकाशी घासून तुटतात.

हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या) मोअरवर हे आणखी लवकर होतं. आतला पिस्टन पंप ठरावीक वेगापर्यंतच तेल नीट ओढतो. त्यापुढे तेलात हवेचे बुडबुडे होतात, तेल फेसाळतं, तापून पातळ होतं, आणि मशीन गरम झालं की चढावर दम सोडतं. हायड्रोच्या पुलीशी खेळूच नका.

“गव्हर्नर फक्त वेग अडवतो, काढला तरी चालतं”

या कृतीतला सर्वांत घातक भाग हाच. गव्हर्नर दोन कामं करतो. भार वाढला की थ्रॉटल उघडतो, भार सुटला की बंद करतो. तो काढला की थ्रॉटल थेट तुमच्या हातात येतो. वेगात असताना क्लच पेडल दाबलं, पट्टा घसरला किंवा तुटला, की भार एका क्षणात नाहीसा होतो आणि इंजिन कुणी सावरायच्या आत पाच-साडेपाच हजारांवर जातं. भाराखाली सहसा तुटत नाही. तुटतं ते अशा मोकळ्या वेळी.

तुटतं काय, ते आकड्यांत पाहू. एका सिलिंडरचं, ७६ मिमी स्ट्रोकचं इंजिन, पिस्टन-पिन-रिंग मिळून साडेचारशे ग्रॅम. ३,६०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो तेव्हा कनेक्टिंग रॉडवर सुमारे ३२० किलो वजन टांगल्याइतकी ओढ पडते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५,५०० ला ती सुमारे ७५० किलो होते. आणि हा रॉड बहुतेक घरगुती इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव, मोठ्या टोकाला वेगळं बेअरिंग नाही, क्रँकपिनवर थेट फिरणारा. वंगणाचा थर क्षणभर तुटला की अ‍ॅल्युमिनियम पिनला चिकटतं, टोपी उघडते आणि सुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो.

त्याआधी व्हॉल्व्ह आपला इशारा देतात. मूळ स्प्रिंग जास्त वेगाला व्हॉल्व्ह वेळेत बंद करू शकत नाहीत. इंजिन फटफटायला लागतं, वेग वाढायचा थांबतो. अनेक जण हा कार्ब्युरेटरचा दोष समजून जेट बदलतात किंवा स्प्रिंग कडक करतात, आणि रॉडला वाचवणारी शेवटची मर्यादाही काढून टाकतात.

फ्लायव्हील तर थेट चालवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असतं. त्यावरचा ताणही वर्गानेच वाढतो. ओतीव फ्लायव्हीलला केसासारखी चीर असली तर ३,३०० ला ती वर्षानुवर्षं गप्प राहते आणि ५,५०० ला फुटते. वरचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण ते तुकडे अडवत नाही. जिथे वेग वाढवणं हाच हेतू असतो तिथे अखंड धातूतून कापलेला रॉड आणि तसंच फ्लायव्हील आधी बसवतात, मग गव्हर्नरला हात लावतात. हा क्रम उलटा करायला जागा नाही.

“ब्रेक आहेतच की”

आहेत, पण कसले? बहुतेक गिअर मोअरवर ट्रान्सअ‍ॅक्सलच्या बाजूला तळहातापेक्षा लहान एक डिस्क आणि दोन छोट्या गोट्यांएवढे पॅड असतात. पुढच्या चाकांना ब्रेकच नसतो. २७० किलोचं मशीन ताशी ८.५ ला धावताना साधारण ७५० ज्यूल ऊर्जा बाळगतं. २६ ला ती ७,००० होते, ४० ला १६,७०० च्या आसपास. ब्रेक तोच. शिवाय हा ब्रेक डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) आधीच्या शाफ्टवर लागतो. वळणात आतलं चाक हलकं झालं की ते उलटं फिरून जातं आणि जमिनीवरच्या चाकालाही पुरेसा ब्रेक मिळत नाही. ब्रेकची सर्वांत गरज असते नेमक्या त्याच वेळी.

वळणाचंही गणित करून पाहा. मागच्या चाकांमधलं अंतर ७० सेंमी, माणूस बसल्यावर गुरुत्वकेंद्र जमिनीपासून ६० सेंमीवर. टायर न घसरता ताशी ८.५ ला एक मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तरी मशीन जेमतेम उभं राहतं. २६ ला तीच मर्यादा नऊ मीटरवर जाते. हे सपाट जमिनीवरचं. पुढचा आस मध्ये खिळलेला आणि डोलणारा असल्यामुळे खरी स्थिरता याहून कमी, आणि चाक चाकोरीत अडकलं तर घसरण्याऐवजी थेट उलटतं.

स्टिअरिंगमध्ये पत्र्याचा दातेरी पंखा आणि छोटा पिनियन असतो. थोडं जुनं झालं की स्टिअरिंगच्या कडेला इंच-दीड इंच प्ले सहज सापडतो. ताशी ८ ला तो जाणवत नाही. २६ ला पुढची चाकं थरथरायला लागतात, कारण चाकं स्वतःहून सरळ व्हावीत इतका कॅस्टर या आसाला दिलेलाच नसतो. टायरही मऊ, दोन पदरी, १०-१४ पीएसआय हवेचे, अशा वेगासाठी बनवलेलेच नाहीत. जास्त हवा भरून ते कडक करणं म्हणजे उड्या वाढवणं, सस्पेन्शन तर मुळातच नाही.

“सीट स्विच जोडून टाका, उड्यांनी इंजिन बंद पडतं”

उड्यांनी स्विच सुटतो, हे खरं. त्यावर उपाय स्विच मारणं हा नव्हे. माणूस खाली पडल्यावर मशीन रिकामं धावत राहू नये यासाठीच तो आहे. वेग वाढवायचा असेल तर त्याच्या जागी दोरीचा किल स्विच हवा: दोरीचं एक टोक मनगटाला किंवा पट्ट्याला, दुसरं स्विचच्या टोपीला. टोपी निघाली की मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या भागाची) किल वायर चेसिसला टेकते आणि ठिणगी बंद. दोन सिलिंडरच्या इंजिनात बहुधा ठिणगीच्या कॉइल दोन असतात. उभ्या मशीनवर इंजिन चालू ठेवून दोरी ओढा आणि दोन्ही सिलिंडर खरोखर बंद होतात का ते पाहा.

“त्यानेच गवतही कापा”

इथे तडजोड नाही. वेगवान केलेल्या मोअरवर ब्लेड नको, शक्यतो डेकही नको. अमेरिकेच्या एएनएसआय बी७१.१ मानकात ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण ९६.५ मीटर, इतकाच चालतो. कारखान्यातून मशीन येतं तेच या मर्यादेच्या जवळ. टोकाचा वेग ९० मीटर असलेलं ब्लेड इंजिन ३,३०० वरून ५,००० ला नेल्यावर १३६ मीटरला जातं. त्या वेगाने उडालेला खडा काय करेल ते वेगळं सांगायला नको.

इंजिन मूळ वेगालाच ठेवून फक्त पुल्या बदलल्या तरी कापणी बिघडते. ३,००० आरपीएमचं दुधारी ब्लेड सेकंदाला शंभर वार करतं. ताशी ८ ला दोन वारांत मशीन २२ मिमी पुढे जातं, २५ ला जवळजवळ ७० मिमी. ब्लेडच्या टोकाजवळची धार तेवढ्या पट्ट्याला पुरत नाही. गवत आडवं पडतं आणि मागे मिशा राहतात.

“होंडाने करून दाखवलं आहे”

दाखवलं आहे. २०१४ मध्ये होंडाचा ‘मीन मोअर’ ताशी १८७.६१ किमीने पळाला. पण त्यात मोटरसायकलचं मोठं इंजिन आणि नव्याने बांधलेली चेसिस होती. मोअरचं रूप तेवढं राखलं होतं. मोअर शर्यतींची परंपराही खरी आहे. ब्रिटनमधली संघटना १९७३ पासून शर्यती भरवते, आणि तिथे ब्लेड काढल्याशिवाय मशीन मैदानात उतरत नाही.

मग काय करता येईल

मशीन गवतासाठीच ठेवायचं असेल तर आधी ते मंद का आहे ते शोधा. टॅकोमीटरने बिनभाराचा वेग मोजा. पुस्तिकेत ३,३०० असेल आणि मीटर २,९०० दाखवत असेल, तर गव्हर्नर फक्त जुळवायचा आहे: गव्हर्नर आर्मचा नट सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, थ्रॉटल उघडताना आर्म ज्या दिशेला गेला त्याच दिशेला गव्हर्नर शाफ्ट शेवटपर्यंत फिरवा, नट आवळा. मग पुन्हा वेग मोजा आणि गरज असेल तर स्प्रिंगचा ताण पुस्तिकेच्या आकड्यावर आणा. हरवलेला बारा टक्के वेग परत येतो. चकचकीत झालेला पट्टा बदला. त्यानंतरही हवं असेल तर गिअरच्या मोअरवर इंजिनाची पुली ४ वरून ४.५ इंच करा. वेग साडेनऊच्या आसपास जातो, पट्टा पाऊण इंच लांब लागतो, म्हणून एक इंच लांब माप घ्या आणि उरलेला सैलपणा आयडलर घेतो का, पेडल दाबल्यावर पट्टा पूर्ण सुटतो का, हे दोन्ही तपासा.

शर्यतीसाठी वेगळं मशीन बांधायचं असेल तर ते गवताला कायमचं मुकलं असं धरूनच सुरुवात करा. ब्लेड आणि डेक खाली. मग किल स्विच. मग मागे एक अखंड आस, त्यावर गो-कार्टची ब्रेक डिस्क आणि कॅलिपर, ट्रान्सअ‍ॅक्सलऐवजी बेअरिंगवर फिरणारा, तेलाचा काटकोनी गिअरबॉक्स. पुढे टाय रॉडला रॉड एंड, स्पिंडलला बेअरिंग, आस खाली आणून गुरुत्वकेंद्र कमी. हे सगळं मूळ वेगालाच चालवून, ब्रेक दाबल्यावर मशीन सरळ रेषेत थांबतं आहे हे पाहूनच रॉड, फ्लायव्हील आणि पुलीकडे वळा.