उमेदवारांनी वर्दी घालूनच यावे

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे करिअर मार्गदर्शनाचे मांडव पडतात. मर्चंट नेव्हीपासून मधमाशीपालनापर्यंत सगळ्याची माहितीपत्रकं तिथे मिळतात. पण लष्करातून थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या खुर्चीत कसं जाऊन बसावं, याचं पत्रक मी कुठल्याही टेबलावर पाहिलेलं नाही. ही उणीव भरून काढायचं मनावर घेतलं आहे. फी नाही.

एक सूचना आधीच देतो. हा अभ्यासक्रम भारतात चालत नाही. इथे लष्करप्रमुख निवृत्त झाला की गोल्फ खेळतो, आठवणी लिहितो, फार तर राज्यपाल होतो. एक जण मंत्री झाले, पण त्यासाठी त्यांना उन्हातान्हात मतं मागत फिरावं लागलं. इतके कष्ट करायचे तर वर्दीचा उपयोग काय? तेव्हा प्रवेश घ्यायचा तर रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात. तिथे या विद्येची घराणी आहेत: अयूब खान, याह्या खान, झिया-उल-हक आणि परवेझ मुशर्रफ. आपण मुशर्रफांचा नमुना घेऊ, कारण त्यांनी सगळ्या परीक्षा दिल्या. शेवटच्या परीक्षेचा निकाल ते गेल्यानंतर 11 महिन्यांनी लागला, पण ते पुढे येईलच.

जन्म कुठेही घेतलात तरी चालतो. मुशर्रफांनी तो 11 ऑगस्ट 1943 रोजी दिल्लीत, दर्यागंजातल्या नहरवाली हवेलीत घेतला. फाळणीत कुटुंब कराचीला गेलं. वडिलांची नोकरी परराष्ट्र खात्यात, त्यामुळे लहानपणाची काही वर्षं तुर्कस्तानात गेली आणि आदर्श म्हणून तिथला सेनानी-राष्ट्राध्यक्ष केमाल अतातुर्क मिळाला. आदर्श जरा लांबचा असावा, घरी येऊन चौकशी करत नाही. मग काकूलची लष्करी अकादमी, 1964 मध्ये तोफखान्यात कमिशन, 1965 चं युद्ध, कमांडो पथक. हा भाग भराभर उरका. शूर अधिकारी पुष्कळ असतात, शौर्यामुळे कुणी राष्ट्राध्यक्ष होत नाही.

होतो तो निरुपद्रवी दिसण्यामुळे. हा या शास्त्राचा पाया आहे, तेव्हा इथे थोडं थांबू. 1976 मध्ये पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी सात ज्येष्ठांना डावलून झियांना लष्करप्रमुख केलं. कारण काय, तर हा माणूस वाकून नमस्कार करतो. पुढच्याच वर्षी, 5 जुलै 1977 रोजी त्याच माणसाने भुट्टोंना उचललं, 90 दिवसांत निवडणूक घेतो म्हणाला आणि 1979 च्या एप्रिलमध्ये त्यांना फासावर चढवलं. 90 दिवस मात्र 11 वर्षं चालले.

आता कुणाला वाटेल, एवढं डोळ्यांदेखत घडल्यावर पुढचे पंतप्रधान शहाणे झाले असतील. ऑक्टोबर 1998 मध्ये लष्करप्रमुख जहांगीर करामत यांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषद असावी, अशी जाहीर सूचना केली, तेवढ्यावरून नवाझ शरीफांनी त्यांचा राजीनामा घेतला. आणि नेमलं कुणाला? ज्येष्ठांना मागे सारून मुशर्रफांना. हिशेब असा की माणूस मुहाजिर (म्हणजे फाळणीत भारतातून गेलेला), उर्दू बोलणारा, जन्म दिल्लीचा. ना पंजाबी गोतावळा, ना पठाणी. ज्याच्या मागे कुणी नाही तो पुढे काय जाणार? त्याच्या मागे आता सगळं लष्कर आहे, ही एक बारीकशी गोष्ट हिशेबात राहून गेली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण लाहोरमध्ये कुणाला ठाऊक नसावी.

तर पहिला पाठ: वर चढेपर्यंत डोळे जमिनीकडे ठेवा. महत्त्वाकांक्षा टोपीखाली झाकता येते.

दुसरा पाठ कारगिलचा. त्यावर विनोद करायला हात वळत नाही, म्हणून सरळच सांगतो. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, मिठ्या झाल्या, जाहीरनामा झाला, आणि त्याच काळात मुशर्रफांची माणसं कारगिलच्या बर्फात ठाणी बांधत होती. त्या डोंगरांवर आपले 527 जवान गेले. पलीकडे पाकिस्तानच्याच नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या सैनिकांना ‘मुजाहिदीन’ म्हणायचं ठरलं होतं, त्यामुळे त्यांचे कित्येक मृतदेह घ्यायलाही कुणी आलं नाही. भारतीय जवानांनी त्यांना मूठमाती दिली. पुढे त्यांच्यातल्या दोघांना पाकिस्तानने सर्वोच्च शौर्यपदक दिलं, म्हणजे ते सैनिक होते, हे पदक देताना आठवलं. होतकरूंनी टिपून घ्यावं ते असं: लढाई अंगाशी आली तरी खुर्ची जात नाही. खुर्ची जाते पंतप्रधानाची.

आता प्रात्यक्षिक. 12 ऑक्टोबर 1999. मुशर्रफ श्रीलंकेहून प्रवासी विमानाने कराचीला परतत होते. तेवढ्यात शरीफांनी त्यांना बडतर्फ करून नवा प्रमुख नेमला आणि विमान कराचीत उतरू देऊ नका, असा हुकूम सोडला. इकडे सैनिकांनी सरकारी टीव्हीच्या फाटकावरून उड्या मारल्या. ते छायाचित्र जगभर छापून आलं. फाटक उघडण्याची वाट न पाहणं ही या क्षेत्रातली मूलभूत शिस्त आहे. वर दोनशेच्या आसपास माणसं हवेत आणि टाकीत इंधन संपत आलेलं. शेवटी लष्कराने कराचीचा विमानतळ ताब्यात घेतला आणि विमान उतरलं तेव्हा काही मिनिटांपुरतंच इंधन उरलं होतं. शरीफांवर पुढे विमान अपहरणाचा खटला होऊन जन्मठेप झाली. माणूस इस्लामाबादेत जमिनीवर बसून विमान पळवतो, अशी दुसरी केस सापडली तर मला कळवा.

त्या रात्री राष्ट्राला उद्देशून भाषण करायचं होतं आणि प्रमुखांच्या अंगावर साधे कपडे! मग एका कमांडोचं जॅकेट उसनं घेतलं. खाली पँट नागरीच, पण कॅमेऱ्याला टेबलाच्या वरचंच दिसतं. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. पुढची आठ वर्षं हीच वेशभूषा चालली: वर वर्दी, खाली लोकशाही, मध्ये टेबल.

पदवीचं नाव विचारपूर्वक निवडा. ‘मार्शल लॉ’ हा शब्द फार वापरून जुना झालाय, परदेशी कर्जं देणारे दचकतात. मुशर्रफांनी स्वतःला ‘चीफ एक्झिक्युटिव्ह’ म्हणवून घेतलं, जणू देश म्हणजे हिंजवडीतली कंपनी. राज्यघटना रद्द केली नाही, फक्त ‘स्थगित’ ठेवली. लग्न मोडलेलं नाही, बोलणी थांबलीत, असं आपण म्हणतो तसं.

मग न्यायालय. घाबरू नका, तिथे जुनी सोय आहे. 1950 च्या दशकातच पाकिस्तानी न्यायालयाने ‘गरजेचा सिद्धांत’ काढून ठेवला होता: जे कायद्यात बसत नाही ते गरजेत बसवावं. तरी काळजी म्हणून जानेवारी 2000 मध्ये न्यायाधीशांना नव्याने शपथ घ्यायला सांगितलं, घटनेची नव्हे, जनरलसाहेबांच्या हुकमाची. सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांचे काही सहकारी नाही म्हणाले आणि घरी गेले. उरलेल्यांनी मे महिन्यात निकाल दिला: बंड वैध, तीन वर्षांची मुदत, आणि गरजेप्रमाणे घटनादुरुस्तीची मुभाही. ही मुभा कुणी मागितलीही नव्हती म्हणतात. ध चा मा करायला आपल्याकडे आनंदीबाईंना निदान गुपचूप लेखणी उचलावी लागली होती. शपथ घेऊन बसलेल्या त्या न्यायाधीशांत इफ्तिखार चौधरी नावाचे एक गृहस्थ होते. नाव लक्षात ठेवा. मुशर्रफांनी ठेवलं नाही.

राष्ट्राध्यक्ष कधी व्हायचं? पाहुणे म्हणून जायच्या आधी. आग्र्याची शिखर परिषद जुलै 2001 मध्ये ठरली होती. चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणून गेलं तर आपण कुठल्या तरी सिमेंट कंपनीतून आलोय असं वाटेल. तेव्हा 20 जूनला राष्ट्राध्यक्ष रफिक तरार यांना घरी पाठवलं आणि स्वतः शपथ घेतली. दिल्लीत नहरवाली हवेलीला भेट झाली, आग्र्यात संपादकांसोबत नाश्ता झाला, तो टीव्हीवर दिसला आणि जाहीरनामा झाला नाही. नाश्ता मात्र गाजला.

खुर्चीला जनतेचा आशीर्वाद हवा असेल तर सार्वमत घ्यावं. निवडणुकीत दुसरा उमेदवार असतो, हा तिचा मोठा दोष. 30 एप्रिल 2002 च्या सार्वमतात एकच लांबलचक प्रश्न होता: लोकशाहीची पुनर्स्थापना, सुधारणा, स्थानिक स्वराज्य, अतिरेकाचा नायनाट आणि कायदेआझम जिनांचं स्वप्न हे सगळं हवं असेल तर मुशर्रफ पाच वर्षं हवेत का? मतदारयादी नव्हतीच. जो येईल तो मतदार. होकार सुमारे 98 टक्के. झियांनी 1984 मध्ये इस्लामला पुढे करून असाच प्रश्न विचारला होता आणि साधारण एवढाच होकार मिळवला होता. प्रश्नपत्रिका आपणच काढली की गुण असे पडतात. दोन टक्के कोण, याचाही शोध घ्यायला नको, ते विश्वासार्हतेसाठी लागतात.

अमेरिकेचं फार मनाला लावून घेऊ नका. 1999 मध्ये एका मुलाखतकाराने जॉर्ज बुश यांना पाकिस्तानच्या सत्ताधाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ते ‘जनरल’च्या पुढे जाऊ शकले नाहीत. 2001 च्या सप्टेंबरनंतर तेच दोस्त झाले. 2006 मध्ये व्हाइट हाउसमध्ये बुश शेजारी उभे असताना पत्रकाराने अडचणीचा प्रश्न केला, तर मुशर्रफ म्हणाले, माझं आत्मचरित्र येतंय, प्रकाशकाशी करार आहे, आत्ता बोलता येत नाही. बुश यांनी विकत घ्या म्हणून जाहिरातही करून दिली. त्याच वर्षी लाहोरच्या मैदानावर मुशर्रफांनी धोनीला केस कापू नकोस असा सल्ला दिला. त्यांचा जो एक सल्ला आपल्याकडे सगळ्यांना पटला, तो हाच.

आता शेवटचा पाठ. 2003 च्या अखेरीस त्यांनी शब्द दिला की 31 डिसेंबर 2004 पर्यंत वर्दी उतरवतो. तारीख आली आणि गेली. वर्दी ही माझी त्वचा आहे, असं ते सांगत. लोकांनी टीका केली. मला त्यात केवळ शरीरशास्त्र दिसलं. कारण पुढे काय झालं ते पाहा.

2005 मध्ये त्यांनी सरन्यायाधीश नेमले, तेच इफ्तिखार चौधरी. नव्या शपथेवर राहिलेला माणूस, म्हणजे निरुपद्रवी. ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य? 9 मार्च 2007 रोजी त्यांना रावळपिंडीत बोलावून, स्वतः वर्दीत बसून, राजीनामा द्या म्हणून सांगितलं. चौधरी नाही म्हणाले. एवढ्याशा ‘नाही’ची तालीम कुणी केलेली नव्हती. काळे कोटवाले वकील रस्त्यावर उतरले आणि ज्या खासगी वाहिन्यांना मुशर्रफांनीच परवाने दिले होते, त्यांनी ते दिवसभर दाखवलं. जुलैत चौधरी पुन्हा खुर्चीत. 3 नोव्हेंबरला आणीबाणी लावली ती राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे, लष्करप्रमुख म्हणून. कोणती सही चालते, हे त्यांना शेवटपर्यंत अचूक माहीत होतं. पण 28 नोव्हेंबरला त्यांनी प्रमुखपदाची छडी कयानींच्या हातात दिली, आणि 18 ऑगस्ट 2008 रोजी राजीनामा. त्वचा काढल्यावर माणूस जेमतेम नऊ महिने टिकला.

लंडनमध्ये त्यांनी पक्ष काढला. 2013 मध्ये निवडणूक लढवायला परतले, तर अर्ज बाद. एप्रिलमध्ये इस्लामाबादच्या न्यायालयाने जामीन नाकारला, तेव्हा अंगरक्षकांसह तिथून निसटून गाडीत बसून फार्महाउसवर गेले. जानेवारी 2014 मध्ये न्यायालयाच्या वाटेवर छातीत कळ आली आणि गाडी लष्करी रुग्णालयाकडे वळली. 2016 मध्ये पाठीच्या उपचारांसाठी दुबई. खटला देशद्रोहाचा, आणि तो सुरू करणारे पंतप्रधान नवाझ शरीफ. आरोप मात्र 1999 च्या बंडाचा नाहीच. पंतप्रधानाला उचललं ते माफ होतं. आरोप 2007 च्या आणीबाणीचा, ज्यात न्यायाधीशांना घरी बसवलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डिसेंबर 2019 मध्ये फाशीची शिक्षा झाली. निकालपत्रात एका न्यायमूर्तींनी लिहिलं की आरोपी आधीच मेला तर मृतदेह इस्लामाबादच्या डी-चौकात ओढत आणून तीन दिवस टांगावा. महिन्याभरात लाहोर उच्च न्यायालयाने ते विशेष न्यायालयच घटनाबाह्य ठरवलं. 5 फेब्रुवारी 2023 रोजी मुशर्रफ दुबईत वारले, कराचीच्या लष्करी कबरस्तानात दफन झाले. 10 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली.

पालक विचारतील, एवढं सगळं करून शेवट असा, मग मुलाला घालायचं का या लाइनला? काळजी नको, अभ्यासक्रम सुधारलाय. 2022 मध्ये पंतप्रधान शाहबाझ शरीफ यांनी (होय, नवाझ यांचेच बंधू) असीम मुनीर यांना लष्करप्रमुख नेमलं. मे 2025 मध्ये ते फील्ड मार्शल झाले आणि नोव्हेंबरमध्ये 27 वी घटनादुरुस्ती संसदेतून रीतसर मंजूर झाली. फाटकावरून उड्या नाहीत, उसनं जॅकेट नाही. फील्ड मार्शल आता तहहयात वर्दीत राहणार आणि त्याच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष व्हायची अट त्यात कुठेच नाही. ते पद सध्या आसिफ झरदारी सांभाळतात.