163 वर्षांचा कायदा, जो कधी नव्हताच

“इंग्रजांनी 1861 साली केलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा 163 वर्षं जसाच्या तसा चालला. कडक होता, पण गोरा-काळा भेद करत नव्हता. त्याने पाटलाचा न्याय संपवला. 1 जुलै 2024 ला मात्र गुलामगिरीची ही खूण कायमची पुसली गेली.”

हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. कौतुक आणि शिव्या एकाच दमात. आमच्या तालुका कोर्टातल्या वकिलांच्या ग्रुपवर तो आला, तर वाचायच्या आधीच चार जणांनी त्यावर अंगठे उमटवले. पक्षकार बरे, ते निदान विचारतात तरी की अंगठा कशावर उमटवायचा.

आधी ते 163 वर्षांचं. 1861 चा हा कायदा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरती बारा वर्षंही टिकली नाही. 1872 ला नवी आली, 1882 ला आणखी एक, मग 1898 ची. तीही 1923 आणि 1955 साली बरीच बदलली. शेवटी संसदेने 1973 साली ती मोडीत काढली आणि 1 एप्रिल 1974 पासून नवी संहिता लागू केली. म्हणजे 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा जी गेली ती स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेली होती. 1898 च्या संहितेत मॅजिस्ट्रेटचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाला दोन वर्षं कैद आणि 1000 रुपये दंडापर्यंत अधिकार, दुसऱ्याला सहा महिने आणि 200 रुपये, तिसऱ्याला एक महिना आणि 50 रुपये. यातला तिसरा वर्ग 1973 च्या संहितेत गेला. किरकोळ चोरीलाही फटके मारायची सोय देणारा 1864 चा कायदा होता. ती शिक्षा 1955 साली रद्द झाली. ‘जसाच्या तसा’ म्हणायला यात उरलं काय?

पाटलाचं तर उलटंच आहे. पाटील इंग्रजांना हवाच होता, फक्त सरकारी शिक्का मारलेला. मुंबई इलाख्याच्या 1867 च्या ग्रामपोलीस कायद्यात कलम 14 खाली शिवीगाळ, धक्काबुक्की अशा बाबतीत पोलीस पाटील माणसाला 24 तास अडकवून ठेवू शकत असे. कलम 15 ची सनद असेल तर 48 तास कोठडी किंवा पाच रुपयांपर्यंत दंड. इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्यागणिक नोंदी आहेत, किती पाटलांना 14 चा अधिकार आणि किती जणांना 15 चा. गावचा न्याय संपला नाही, तो कलेक्टर कचेरीच्या नोंदवहीत गेला.

आता ‘गोरा-काळा भेद नव्हता’ हे वाक्य. सगळ्या मजकुरात मला जास्त खटकलं ते हेच, कारण भेद संहितेतच छापलेला होता. ‘युरोपियन ब्रिटिश प्रजाजन’ हा आरोपींचा वेगळा वर्ग होता. 1872 च्या संहितेनुसार जिल्ह्यातल्या मॅजिस्ट्रेटला अशा आरोपीचा खटला चालवायचा तर तो स्वतः त्याच वर्गातला असावा लागे. शिक्षा तीन महिने कैद, 1000 रुपये दंड किंवा दोन्ही, त्याच्या वर नाही. हिंदी आरोपीला तोच पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट दोन वर्षं पाठवू शके. सत्येंद्रनाथ टागोरांसारखे सनदी अधिकारी आपल्या इलाख्यात न्यायदानाच्या कामावर होते, तरी चामडीचा प्रश्न आला की पदवी कामाची नव्हती. 1883 साली इल्बर्ट विधेयकाने हे बदलायचा प्रयत्न केला, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. 1884 ला तडजोड निघाली: हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेटला अधिकार मिळाला, पण गोऱ्या आरोपीला ज्यूरी मागता येईल आणि तिच्यात निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असतील. मॅजिस्ट्रेटपुढे उभ्या असलेल्या हिंदी आरोपीला ज्यूरी स्वप्नातही नव्हती. हे 1923 साली बरंचसं सैल झालं, पूर्ण गेलं 1949 साली.

राहिली ती ‘पुसली गेलेली’ खूण.

पोलिसांवर वचक ठेवणारा आणि आरोपीला शिक्षा देणारा एकच साहेब, ही खरी वसाहती रचना. कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट, मामलेदार हाही मॅजिस्ट्रेट. काँग्रेस ही गाठ सोडवायची मागणी 1886 पासून करत होती. मुंबई राज्याने त्यासाठी 1951 साली कायदा केला, देशभर ते 1973 च्या संहितेने झालं. पण चॅप्टर केस उरली. हे नाव आलं जुन्या संहितेच्या आठव्या चॅप्टरवरून. गुन्हा सिद्ध झालेला नसताना ‘शांतता राखीन’, ‘चांगला वागेन’ असा बाँड घ्यायचा, नाही दिला तर आत. यातलं सराईत गुन्हेगारांचं 110 कलम संसदेने 1973 साली न्यायिक मॅजिस्ट्रेटकडे दिलं होतं आणि 1980 साली ते परत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे न्यायाधीश नसलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नेलं. हे करायला इंग्रज आले नव्हते. पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत हा दंडाधिकारी पोलीस अधिकारीच असतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत शांततेच्या बाँडच्या 107 चं 126 झालं, 110 चं 129, जमावबंदीच्या 144 चं 163. आठवा चॅप्टर नववा झाला. पोलीस ठाण्यात मात्र अजून ‘चॅप्टर केस’च म्हणतात आणि माणसं अजून बाँडच्या कागदावर सही करायला रांगेत उभी असतात.

किरकोळ गुन्ह्यांच्या संक्षिप्त खटल्याचंही तसंच. 1898 ला 50 रुपयांपर्यंतच्या चोरीचा खटला असा झटपट चालवता येई; आता ती मर्यादा 20,000 आहे, म्हणजे 400 पट. पूर्वी असा खटला चालवणं मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर होतं, आता किरकोळ गुन्ह्यांत ते बंधनकारक आहे. कैदेची कमाल मर्यादा तेव्हा तीन महिने, आजही तीन महिने. आणि संक्षिप्त खटल्यात 200 रुपयांपर्यंत नुसता दंड झाला तर अपील नाही, हा 1898 चा आकडा नव्या संहितेतही 200 च आहे. तो वाढवायचं राहून गेलं की मुद्दाम ठेवला, देव जाणे. आमच्या अशिलांच्या मात्र पथ्यावर पडतं: गुन्हा कबूल केला नसेल आणि दंड 201 झाला, तरी अपील करता येतं.